बिअर जरा कडू आहे

५ फेब्रुवारी

मने, आणि मास्तर तुम्हीही,

अखेर मुहूर्त लागला! मार्चच्या तिसऱ्या शनिवारी मी माझ्या बिअरच्या कारखान्याला कुलूप ठोकतेय आणि बसनं तुमच्याकडे येतेय. (नातेवाईक अजून त्याला भट्टीच म्हणतात. म्हणोत बापडे. भेटीला आले की बाटल्या मात्र मोजून नेतात.) रविवारी सकाळी आपण तिघं मास्तरांच्या गाडीतून निघायचं, तळ्याकाठच्या रस्त्यानं, रमतगमत, आणि चार-पाच दिवसांनी माझ्या दारात पोचायचं. किती वर्षं झाली 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणतोय आपण. मी साठीला टेकले, मनी त्या दुखण्यातून एकदाची उठली, आता आणखी कशाची वाट बघायची?

थांबे मी ठरवलेत. कुणी मध्ये बोलायचं नाही. तळं सुरू होतं तिथे एक मासेवाला आहे. धुरावर भाजलेले मासे कागदात गुंडाळून देतो, बसायला बाकसुद्धा नाही, उभ्यानं बोटं चाटत खायचं. मग जुन्या रेल्वे गोदामात बिअर करणारी ती पोरं. त्यांची गव्हाची बिअर एवढी फक्कड असते की मी आतल्या आत जळते. पुढे चीजवाली. ही बाई तोंडानं एक शब्द बोलत नाही, नुसती कापते आणि हातावर ठेवते. मग घाट, घाटावरचा मनोरा, वर चढून अख्खं तळं एका नजरेत बघायचं. आणि शेवटचा मुक्काम माझ्याकडे.

मास्तर, एक अट आहे. तुम्ही ड्रायव्हिंग शिकवता म्हणून तुमच्या गाडीत शेजारच्या सीटपाशी दुसरा ब्रेक आहे, हे मला मान्य. पण मनी तिथे बसली की कुठे बदक दिसलं, दाब ब्रेक, कुठे झाडाला चार फुलं दिसली, दाब ब्रेक! मागल्या खेपेला मी मागे बसले होते, माझं नाक फुटायचं राहिलं. या वेळी पुढे मी बसणार. मनी मागे बसून ओरडेल.

आता खरी गोष्ट. मनीसाठी मी काळी बिअर लावलीय. भाजलेल्या जवाची, लाकडी पिंपात मुरवलेली. नमुन्याची एक बाटली पार्सलनं पाठवतेय. मने, चाख आणि लगेच कळव. तू नाक मुरडल्याशिवाय मी आजवर एक पिंप बाहेर काढलेलं नाही.

फोन का उचलत नाहीस गं? असो. या दरीत माझाच फोन दिवसाआड मरतो. पत्रच बरं, भांडण तरी पूर्ण होतं.

तुझी ताई


९ फेब्रुवारी
(हॉस्पिटलमधून परत आलेल्या डब्यातली चिठ्ठी)

अहो मास्तर,

तुम्ही समोर बसलात की तुमचा चेहरा बघून मला काही बोलवत नाही, म्हणून डब्यात टाकतेय. सूप थोडं प्यायले. उरलेलं नर्सला दिलं. ती म्हणाली चांगलं होतं. मला काय कळणार, या औषधांनी माझी जीभ पार गेलीय. पाणीसुद्धा नाणं चोखल्यासारखं लागतं.

ताईचं पत्र वाचलं, परत परत वाचलं. तिला काही कळवायचं नाही. माझी शपथ आहे. मागच्या वेळी दुखणं निघालं तेव्हा ती आली, कारखाना बंद करून महिनाभर माझ्या उशाशी बसून रडली. इकडे सुई माझ्या हातात, आणि धीर मी तिला देतेय! या वेळी मला ती ताई नको. मला गाडीत पुढच्या सीटवरून भांडणारी ताई हवीय. मासे खाऊ, चीजवालीला हसू, आणि शेवटच्या मुक्कामावर मी स्वतः तिला सांगेन की दुखणं परत आलंय आणि या वेळी ते जाणार नाही. डॉक्टरांकडे मी एवढंच मागितलंय, मार्चमध्ये मला गाडीत बसण्याइतकी उभी करा. ते म्हणाले, मार्च नक्की जमवू. पुढचं ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

फोन उचलू नका. माझा हा फाटका आवाज ताई एका 'हॅलो'त ओळखेल.

बाटली आली की तुम्हीच चाखा आणि माझ्या नावानं लिहा. नुसतं 'छान' लिहू नका, तिला लगेच संशय येईल. एक तरी खोट काढा. मी नेहमी काढते.

आणि हो, दाढी करा. वॉर्डातल्या बायका विचारतात, पेशंट नक्की कोण?

तुमची मनी


२० फेब्रुवारी

आदरणीय ताई,

सा. न. पत्र व पार्सल पोचलं. बेत मनीला फार आवडला. तिला सर्दी आहे, आवाज बसलाय, म्हणून मी लिहितोय. काळजीचं कारण नाही.

मार्गाबाबत थोड्या सूचना. घाट टाळून खालचा सपाट रस्ता घ्यावा असं वाटतं, वळणांनी मळमळतं. मनोऱ्याला पायऱ्या फार आहेत, तो राहू द्यावा. मुक्कामाच्या खोल्या तळमजल्यावर हव्यात, पलंग बुटका असेल तर उत्तम. रोज फार अंतर नको. मासे उभ्यानं खाण्याऐवजी मी घडीच्या खुर्च्या घेईन.

पुढच्या सीटबद्दल मनीशी बोलणं झालं. ती म्हणते, ताईला सांगा सीट घे, पण ब्रेक माझ्या इशाऱ्यावर दाबायचा.

बिअर मनीनं चाखली. उत्तम जमलीय म्हणाली. फक्त जरा कडू आहे.

आपला,
मास्तर


२७ फेब्रुवारी

मास्तर,

तुमचं पत्र वाचून मी पोट धरून हसले. घाट नको, मनोरा नको, बुटका पलंग हवा! अहो, आपण सहलीला चाललोय की अंडी पोचवायला? मळमळ तुम्हाला होते ना? मनीच्या नावावर कशाला खपवता? ती घाटात खिडकीतून अर्धी बाहेर असते. वय तुमचं होतंय, कबूल करून टाका.

आणि मने, तू स्वतः दोन ओळी का लिहिल्या नाहीस? सर्दी नाकाला होते, हाताला नाही. माझ्यावर रुसलीस का? दिवाळखोर असल्यासारखी वर्षभर तोंड लपवून होते ते कामामुळे गं, दुसरं काही नाही. रुसली असशील तर सरळ शिव्या घाल, पण मास्तरांच्या 'सा. न.'च्या मागे लपू नकोस.

बाकी कडू म्हणालीस आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इथे मी चाखली, कामाला येणाऱ्या दोघींनी चाखली, आम्हा कुणालाच काही वाटलं नव्हतं. पण तुझी जीभ आजवर चुकलेली नाही. पहिल्या टाकीच्या वेळी सगळे वाहवा करत होते तेव्हा तूच एकटी म्हणालीस, ताई, हिला साबणाचा वास येतोय. आणि निघाला की नाही नळीत साबण?

तेव्हा मी ठरवलंय, पिंपाला आणखी महिनाभर हात लावायचा नाही. मुरली की कडूपणा आपोआप उतरतो. सहल एप्रिलच्या मध्यावर नेऊ. गोदामवाल्या पोरांना आणि चीजवालीला कळवूनही टाकलं. तुझ्यासाठी लावलेली बिअर तुला कच्ची पाजू होय मी? एवढी वर्षं थांबलो, आणखी महिन्यानं काय बिघडतं!

ताई


४ मार्च

आदरणीय ताई,

सा. न. सहल पुढे ढकलू नये. बिअर आहे तशी चालेल. मनीनं कडू म्हटलं ते सहज म्हटलं, मनावर घेऊ नका. एप्रिलमध्ये माझ्या शिकाऊ मंडळींच्या लायसन्सच्या परीक्षा आहेत, मला निघता येणार नाही. कृपा करून ठरल्याप्रमाणे मार्चमध्येच या. बिअर नसली तरी या.

मास्तर


१० मार्च

मास्तर,

परीक्षा पुढे ढकला. तुमच्या हाताखाली शिकलेले तसेही नापास होतात. (रागावू नका, गंमत केली.) पिंपाला सील लावलंय, माझं ठरलंय. मनीला सांगा, तिच्या शब्दाला मी किती मान देते ते बघ म्हणावं.

ताई


१३ मार्च
(डब्यातली चिठ्ठी)

अहो,

ताईची दोन्ही पत्रं उशीखाली लपवून काय ठेवलीत? घरी कुठे नव्हे, माझ्याच उशीखाली! तुम्हाला लपवतासुद्धा येत नाही.

काय लिहिलंत तुम्ही तिला? कडू? अहो मास्तर, बिअर कडूच असते! जन्मात कधी तोंड लावलं नाहीत, तुम्हाला दुसरं काय लागणार? मला इतकं हसू आलं की शेजारच्या पलंगावरची बाई घाबरून नर्सला हाका मारायला लागली. किती दिवसांनी हसले मी. पोट दुखलं, पण हे दुखणं चांगलं होतं.

मग नंतर महिना मोजला आणि हसू गेलं.

तुम्ही सांगू म्हणताय, पण नको. आता सांगितलं तर ती धावत येईल आणि उशाशी बसून रडेल, मग सहल गेलीच. एप्रिल काही फार लांब नाही. मी खाते सगळं, औषधं टाळत नाही, काल दारापर्यंत चालले. जमेल मला. ताई एवढ्या हौसेनं थांबलीय, थोडं मीही थांबते.

कडू म्हणे! संध्याकाळी या, मग सांगते तुम्हाला.

मनी


२१ एप्रिल

मास्तर,

परत आल्यापासून कारखाना उघडलेला नाही. तुमच्या घरी सगळ्यांदेखत बोलता आलं नाही, म्हणून आता लिहितेय.

तुमचा फोन आला तेव्हा मी मनीच्या खोलीत पडदे लावत होते. तळमजल्याची खोली. बुटका पलंग सुताराकडून करून घेतला होता, तुमची चेष्टा करायला. तुम्ही म्हणालात, आधीच्या दिवसापासून फोन लावताय, लागत नव्हता. मला पुढचं काही ऐकू आलं नाही. बाटल्या पोचवायची व्हॅन काढली आणि तळ्याच्या रस्त्याला लागले. चीजवालीची पाटी गेली, गोदाम गेलं, मासेवाल्याचा धूर दिसला. कुठेही पाय ब्रेकवर ठेवला नाही. झाडं सगळी फुलली होती, मास्तर. हे मला आता आठवतंय, तेव्हा दिसलं नाही. पोचले तर तुम्ही हॉस्पिटलच्या पायरीवर बसला होतात आणि मला बघून उभेसुद्धा राहिला नाहीत. तेव्हाच समजले.

मला तुमचा भयंकर राग आलाय. मार्चमध्ये या म्हणालात. का, ते सांगायला जीभ झडली होती? परीक्षा म्हणे! एक ओळ, एकच ओळ लिहायची होती, 'ताई, ती चाललीय.' मी चप्पल न घालता आले असते. शपथ घातली होती म्हणता. मेली ती शपथ! माझी धाकटी बहीण होती ती. तिला अंगाखांद्यावर खेळवलंय मी, तुम्ही नंतर आलात.

रडली असती तर रडली असती. दोघी मिळून रडलो असतो.

एकाच गोष्टीवर मी दिवस काढतेय. ती आजारी होती, तरी तिनं माझी बिअर चाखली. चाखून खरं ते सांगितलं, माझ्यासाठी लाजेकाजेखातर छान म्हणाली नाही. मी थांबले ती तिच्या शब्दासाठी थांबले. चुकले, पण तिच्यावर विश्वास ठेवून चुकले. एवढंच उरलंय माझ्याकडे.

ताई


२ मे

ताई,

'सा. न.' लिहायला हात धजत नाही.

तुमचं पत्र रोज वाचतोय. उत्तर दोनदा लिहिलं आणि फाडलं. शेवटचा परिच्छेद आहे तसा राहू द्यावा, तुमच्याजवळ तेवढं तरी राहील, असं वाटत होतं. पण एकदा तिच्या नावानं खोटं लिहिलं त्याचं काय झालं ते आपण पाहिलं. आता परत नाही.

बिअर मनीनं चाखली नाही. तिची जीभ फेब्रुवारीतच गेली होती. ती मी चाखली, आपल्या स्वयंपाकघरात, उभ्यानं, चहाच्या कपातून. आयुष्यातली पहिली. गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडाला वास नको म्हणून कधी शिवलोच नव्हतो. मनीनं सांगितलं होतं की एक तरी खोट काढा, नाहीतर ताईला संशय येईल. मला एकच कळलं, की कडू आहे. तेच लिहिलं. सगळीच बिअर कडू असते हे मला ठाऊक नव्हतं.

माझ्या एका शब्दानं तुमची भेट चुकली. तुम्ही थांबलात ते तिच्या शब्दासाठी नव्हे, माझ्या अडाणीपणासाठी.

तिच्या हातची चिठ्ठी सोबत पाठवतोय, १३ मार्चची. तुमच्या हक्काची आहे. मी काय लिहिलं ते कळल्यावर ती खूप हसली होती. मी संध्याकाळी गेलो तर मला बघून पुन्हा हसायला लागली.

मला माफ करा असं म्हणत नाही. करण्यासारखं ते नाही.

मास्तर


११ मे

मला पत्र लिहू नका.


३० जुलै

मास्तर,

लिहू नका म्हटलं तर खरंच लिहिलं नाहीत! एवढं ऐकायला कुणी सांगितलं होतं? बायकोचं ऐकलंत, मेव्हणीचं ऐकलंत, कधीतरी कुणाचं तरी ऐकू नका हो.

दोन महिने तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. कपबशी फोडली एक. मग ती चिठ्ठी परत वाचली. पहिल्या वेळी मी फक्त 'आता सांगितलं तर ती रडेल' एवढंच वाचलं होतं. या वेळी हसण्यापाशी थांबले. मला सांगा, कशी हसली? तोंडावर हात धरून, डोळे मिटून, खांदे नुसते हलताहेत आणि आवाज नाही, तशी? लहानपणी कुणी पाहुणे आले की ती तशी हसायची आणि मार मला बसायचा. तशीच हसली असेल तर ते तुमच्यामुळे, हेही मला लिहायला हवं. मी तिच्या उशाशी बसून रडले असते तर ती हसली नसती. हे लिहिताना मला किती जड जातंय ते तुम्हाला कळणार नाही.

काल पिंपाचं सील फोडलं. फेब्रुवारीतली एक बाटली मागे ठेवली होती, तीही उघडली. दोन्ही शेजारी ठेवून चाखल्या. काही फरक नाही, मास्तर. ती तेव्हाच तयार होती. मला कळत होतं तेव्हाही. पण मनीनं कडू म्हटलं म्हणून मी माझ्या स्वतःच्या जिभेवर विश्वास ठेवला नाही. तेव्हा सगळं पाप एकट्याच्या डोक्यावर घेऊन मिरवू नका, त्यात माझाही वाटा आहे.

पिंप मला विकवत नाही आणि ओतूनही टाकवत नाही. गोदामवाली पोरं विचारत होती, सहलीचं काय झालं? मी सांगितलं, एक माणूस कमी आहे.

तर मी काय म्हणते, जाऊ या का? थांबे तेच. तुम्हाला मळमळत असेल तर घाट नको.

ताई


८ ऑगस्ट

आदरणीय ताई,

सा. न. तुम्ही लिहिलंत अगदी तशीच हसली. हात तोंडावर, सलाइनची नळी लोंबतेय, आणि खांदे हलताहेत. आवाज नव्हताच तिला.

घाटातून जाऊ. मळमळ मला कधीच होत नव्हती. मनोऱ्यावरही चढू, गुडघे साथ देतील तिथपर्यंत. मासे उभ्यानं खाऊ, घडीच्या खुर्च्या मी घेतल्या होत्या त्या दुकानदाराला परत दिल्या.

पुढची सीट तुमची. शिकवताना मी तिथेच बसतो, पण तिची उशी अजून उचललेली नाही, सरकवून बसतो. ब्रेक नीट लागतो, कालच तपासला. बदक दिसलं, फुलं दिसली, काही दिसलं नाही, तरी वाटेल तिथे दाबा. का थांबवलं म्हणून मी विचारणार नाही. तिलाही कधी विचारलं नव्हतं.

शेवटच्या मुक्कामावर मी तुमच्या पिंपातली बिअर पिणार आहे, पेला रिकामा होईपर्यंत. मला ती कडूच लागणार, ताई. या वेळी तेवढ्यासाठी थांबू नका. शनिवारच्या बसनं या.

आपला,
मास्तर